सगळ्यात सुबक ठसा

ही गोष्ट खरे तर मी सांगायची नव्हती. आमच्या गावात सरकारी अनुदानावर जेवणाचे एक केंद्र चालते आणि माझी आत्या तिथे स्वयंपाक करते. एकदा तांदूळ निवडता निवडता तिने ही गोष्ट मला सांगितली आणि वर बजावले, “बाहेर बोलू नकोस हं. लोकांना वाटेल, मी कुणाला तरी टोमणा मारतेय.” पण गोष्टीत माणूस एकही नाही, सगळे प्राणीच आहेत. म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नसावी.

दूर एका खडकाळ माळावर एक टिटवी राहत असे. तिला तीन पिल्ले होती. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्या आल्या तुरुतुरु चालू लागतात, पण उडायला त्यांना महिना लागतो. त्या वर्षी पाऊस माळाकडे फिरकलाच नव्हता. ओढ्यात नुसती वाळू उरली होती आणि ओढ्याच्या वळणावर, खडकाच्या खळग्यात, काय ते थोडे पाणी होते. टिटवी रोज सकाळी त्या खळग्यात उभी राही आणि पाणी आपल्या पायावर कुठवर येते ते बघे. कालच्यापेक्षा आज किंचित खाली, आजच्यापेक्षा उद्या किंचित खाली. पिल्लांना पंख फुटेपर्यंत ते पुरेल, असा तिचा अंदाज होता. मग ती त्यांना घेऊन नदीवर उडून जाणार होती. तोवर पाणी टिकले पाहिजे, एवढीच तिची काळजी होती.

माळावर भूक मात्र सगळ्यांनाच होती. सशाला गवत मिळेना, रानडुकराला कंद मिळेनात, टिटवीला किडे मिळेनात. धामण तर इतकी वाळली होती, की तिला कुणी घाबरत नसे. अखेर ही बातमी सिंहाच्या दरबारात पोहोचली आणि माळासाठी अनुदान मंजूर झाले. एका सकाळी एक रेडा ज्वारीची सहा पोती पाठीवर घेऊन आला. त्याच्यासोबत दरबारातला कारभारी साळिंदर होता. साळिंदराच्या पाठीवर लेखण्याच लेखण्या होत्या आणि कामात तो अगदी चोख होता. दरबाराचा एक दाणाही त्याने कधी तोंडात टाकला नव्हता.

पोती पळसाच्या सावलीत उतरवून साळिंदर म्हणाला, “मागच्या साली पलीकडच्या रानात कोल्ह्यांनी दोन-दोनदा रांगेत उभे राहून वाटे नेले. यंदा तसं चालायचं नाही. प्रत्येकाने ओल्या चिखलावर पायाचा ठसा द्यायचा. सगळे ठसे नीट वाळले, की मोजून वाटप.”

“पण कारभारी, ओला चिखल आणायचा कुठून?” सशाने विचारले.

“ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे ज्वारी आहे.”

“आणि मला तर पायच नाहीत,” धामण म्हणाली.

“तुमचं शेवटी बघू.”

“शेवट कुणाचा, वाटपाचा की माझा?”

सगळे हसले, अगदी रेडासुद्धा. साळिंदर हसला नाही. त्याने चिखलासाठी जागा आखून दिली.

मग खळग्यातले पाणी तोंडातोंडाने वाहून आणून माती कालवली गेली आणि ठशांची लांबच लांब ओळ लागली. दुपारपर्यंत उन्हाने सगळे ठसे तडकले. साळिंदराने ओळीवरून एक फेरी मारली आणि मान हलवली. “तडकलेला ठसा दरबारात चालत नाही. उद्या थर जाड घ्या.”

दुसऱ्या सकाळी टिटवी खळग्यात उभी राहिली, तर पाणी बोटांच्या वर येईना. ती ओरडत सुटली, “पाणी संपेल! अरे, पाणी संपेल!”

“टिटवीताई,” रानडुक्कर म्हणाले, “ढग आला तरी तू ओरडतेस, सावली हलली तरी ओरडतेस. आज आमच्या पोटात कावळे ओरडताहेत, तेवढे पुरेत गं.”

“मग तू ओढ्यात खण. वाळूखाली पाणी असतं. तुझ्या मुस्कटात जोर आहे.”

“होता! दोन दाणे पोटात पडू देत, मग खणतो. आत्ता उभं राहायचीच मारामार आहे.”

थर जाड घेतला, तर वरून वाळला आणि आतून ओलाच राहिला, ठसे खचले. तिसऱ्या दिवशी उरलेले सगळे पाणी लागले. टिटवीला हे दिसत नव्हते असे नाही. पण ठसा नाही तर वाटा नाही, हेही तिला कळत होते. तिनेही आपली पिल्ले ओळीत आणली. तिचा स्वतःचा आणि मोठ्या दोघांचे ठसे उमटले. धाकट्याचा उमटेना. त्याला वजनच नव्हते.

“पुसट आहे. पुन्हा,” साळिंदर म्हणाला.

धाकट्याने पुन्हा पाय ठेवला.

“अजून पुसट. जरा दाबून.”

ऊन डोक्यावर आले होते. टिटवीने आपल्या चोचीने पिल्लाचा पाय हळूच चिखलात दाबला आणि तसाच धरून ठेवला. या वेळी ठसा उमटला: तीन नाजूक बोटे, रेघ न् रेघ स्पष्ट. “छान!” साळिंदर म्हणाला. टिटवीने धाकट्याला एका दगडाच्या सावलीत बसवले आणि ती पाणी आणायला धावली. खळगा कोरडा होता.

तासाभराने साळिंदरालाही तहान लागली. तोही खळग्यापाशी आला, आत वाकून पाहिले आणि मग टिटवीकडे वळला. “पाणी कुठं आहे?”

“आपल्यासमोर वाळत घातलंय, कारभारी,” टिटवी म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

साळिंदराने ठशांच्या ओळीकडे पाहिले. मग तो पळसाखाली गेला आणि म्हणाला, “वाळले असं समजू,” आणि त्याने पोत्यांची तोंडे उघडली. पहिली पाळी रानडुकराची होती. त्याने आपला वाटा तिथेच उभ्या उभ्या संपवला, जरा दम घेतला आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे तडक ओढ्यात जाऊन वाळू उकरायला लागले. दिवस कलायच्या आत हातभर खोल खड्डा झाला आणि तळाशी पाणी पाझरू लागले. पहिल्या दिवशी पोती उघडली असती, तर हेच पाणी पहिल्या दिवशी लागले असते. हे सगळ्यांच्या मनात आले. टिटवीची दोन्ही मोठी पिल्ले तिथे जाऊन पोटभर प्यायली.

टिटवी मात्र दगडापासून हलली नव्हती. म्हणून तिची पाळी सगळ्यात शेवटी आली.

“टिटवी. ठसे चार,” साळिंदराने पुकारले. “ह्या घ्या चार ओंजळी.”

“तीन पुरेत.”

“तीन कशा? ठसे चार आहेत. आणि हा चौथा बघा. साऱ्या माळावर इतका सुबक ठसा नाही.”

“हो. सुबकच आलाय,” टिटवी म्हणाली आणि चौथी ओंजळ तिने चोचीने परत सरकवली.

साळिंदराने ठशाकडे पाहिले, मग दगडाकडे. त्याच्या पाठीवर इतक्या लेखण्या होत्या, पण हे कुठे लिहायचे ते त्याला कळेना. त्याने ती ओंजळ उचलली आणि मागे वेटोळे घालून बसलेल्या धामणीपुढे ठेवली. तिच्याकडून त्याने काहीच मागितले नाही.

तात्पर्य : भुकेल्याला आधी वाढावे, नोंद मागून करावी. ठसा बिघडला तर दुसरा घेता येतो, पण ज्याच्यासाठी तो घ्यायचा, ते पिल्लू एकदा का— “अगं, वही ठेव आधी!” आतून आत्याची हाक आली. “माणसं दारात उभी आहेत, पानं मांड!”