सरकारांची लांबलचक लिंक

इनामदार सरकारांनी माइक हातात धरला आणि लिंक वाचायला सुरुवात केली.

"एच, टी, टी, पी, एस… दोन टिंबं… दोन तिरक्या रेघा… मग मोठा क्यू, छोटा एक्स, नऊ, परत मोठा क्यू…"

नदीकाठची माणसं मोबाइलवर टाइप करता करता घामाघूम झाली.

"सरकार, क्यू किती झाले?" कुणीतरी ओरडलं.

"मला काय ठाऊक? मी वाचतोय, तुम्ही मोजा!"

नांदखेडच्या होड्यांच्या शर्यती नुकत्याच संपल्या होत्या. सरकारांनी हौसेनं ड्रोन लावून सगळ्याचं शूटिंग केलं आणि क्लाउडवर चढवलं. गावोगावहून आलेल्या प्रत्येकाला आपली होडी बघायची होती. पण लिंक चांगली तीन ओळींची! चौथ्यांदा वाचून झाली, तरी एकाच्याही फोनवर उघडेना.

लाउडस्पीकरवाल्या दस्तगीरभाईंची मेहरून बाजूला वायर गुंडाळत होती. तिला हसू आवरेना.

"काय गं, दात काढायला काय झालं?" सरकार गरजले.

"एवढ्या वेळात होड्या आणखी एक शर्यत मारून आल्या असत्या, सरकार!"

सगळा काठ हसला. सरकारांचा चेहरा लालबुंद!

"मग तूच सांग की! पण एका दमात सांगायचं, एकदा ऐकून लोकांना जमलं पाहिजे, आणि माझ्या लिंकमधलं एक अक्षरसुद्धा गाळायचं नाही! नाही जमलं, तर पुढच्या वर्षी स्पीकरचं काम दुसऱ्याला!"

दस्तगीरभाईंच्या हातून पक्कड निसटली. "मेहरून, माफी माग आधी!"

"थांबा, अब्बा. सरकार, आणि जमलं तर?"

"मागशील ते!"

"मग पुढच्या शर्यतीत पोरींची होडी. आम्ही पोरी दरसाल विचारतो, दरसाल तुम्ही नाही म्हणता."

सरकारांनी एकदा लिंककडे पाहिलं, एकदा तिच्याकडे आणि मिशीला पीळ दिला. "दिली! सांग आता!"

मेहरूननं ती लिंक आपल्या फोनवर मागवून घेतली, लांब लिंक छोटी करून देणारी साइट उघडली आणि नाव टाकलं: होडी. साइट म्हणाली, हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय! अब्बा डोळे मिटून उभे होते. तिनं दुसरं नाव टाकलं. चाललं! तिनं माइक ओढला.

"मिनी डॉट इन, तिरकी रेघ, नांदहोडी!"

मागून आरोळी आली, "उघडली रे!" मग दुसरी, "आमची होडी दिसली!" बघता बघता काठभर एकच गलका झाला.

"थांबा!" सरकार पुढे आले. "अक्षर गाळायचं नाही, ही माझी अट होती. माझे क्यू कुठं गेले?"

मेहरूननं हात जोडले. "सरकार, आपलं पूर्ण नाव?"

सरकारांनी छाती पुढे काढली. "श्रीमंत उदयसिंह प्रतापसिंह इनामदार सरकार!"

मेहरूननं माइक पहिल्या खुर्चीवर बसलेल्या सरकारांच्या म्हाताऱ्या आत्यासमोर धरला. "आक्कासाहेब, तुम्ही यांना काय म्हणून हाक मारता?"

"गोट्या!"

"आणि गोट्या म्हटल्यावर यांच्यातलं काही मागं राहतं का?"

"छे गं! अख्खा येतो, मिशीसकट!"

"तसंच आहे, सरकार! नांदहोडी म्हणून हाक मारली, की तुमची लिंकही अख्खी येते, सगळ्या क्यूंसकट!"

सरकारांनी मिशीत हसू दाबून पाहिलं, पण ते मावेना. शेवटी ते पोट धरून असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला!

"हरलो गं पोरी! पोरींची होडी मंजूर! लाकूड माझ्या मळ्यातलं, वल्ही माझी, आणि स्पीकर तुझ्या अब्बाचाच! बोल, होडीचं नाव काय ठेवायचं?"

मेहरूननं तोंड उघडायच्या आत सगळा काठ एका सुरात ओरडला,

"गोट्या!"