आघाडीच्या नावेतून

नेदरलँड्समधल्या एका लांबलचक कालव्यावर एकदा नौकाशर्यत भरली होती. जो जिंकेल तो ऑलिंपिकला जाणार, पण कुणाला न्यायचं याचा शेवटचा शब्द एका निवृत्त नौकापटूचा होता. त्या वृद्धाने उभं आयुष्य वल्ही मारण्यात घालवलं होतं. पदकं मिळवली होती, कंबर गमावली होती, आणि आता तो तरुणांना शिकवत होता. तिथल्या रीतीप्रमाणे तो काठावरून सायकल दामटत ओरडायचा आणि नावेतला शिष्य ऐकायचा. योरिट हा त्याचा सर्वांत लाडका शिष्य.

या शर्यतीत माणूस उलटा बसतो. पाठ अंतिम रेषेकडे आणि तोंड मागे पडलेल्या वाटेकडे. योरिट आघाडीवर होता. मागच्या साऱ्या नावा आणि वल्ही मारणाऱ्यांच्या पाठी त्याला स्वच्छ दिसत होत्या. निम्म्याहून जास्त अंतर सरलं असेल, तोच दुसऱ्या क्रमांकावरच्या हिद्देची नाव उलटली. हिद्देचं डोकं काही वर येईना.

योरिटने ते पाहिलं. त्याचे हात थांबले नाहीत.

मग त्याला आणखी काही दिसलं. म्हाताऱ्याने सायकल रस्त्यातच टाकली आणि अंगातल्या कोटासकट बर्फगार पाण्यात उडी घेतली.

"आजोबांना आज आंघोळ सुचली!" काठावरून कुणीतरी खिदळलं.

योरिट जिंकला. टाळ्या झाल्या. हिद्देचे पाय नावेतच जखडलेल्या बुटांत अडकले होते. म्हाताऱ्याने ते सोडवून त्याला जिवंत बाहेर काढलं, हे लोकांना मागाहून कळलं.

वृद्ध ब्लँकेट गुंडाळून आला तेव्हा योरिटने हात पसरले. "कोच, जिंकलो!"

"पाहिलं. ऑलिंपिकला मी तुला नेणार नाही."

योरिटचे हात तसेच राहिले. "थट्टा करताय? की गारठा डोक्यात गेलाय तुमच्या?"

"हिद्दे उलटला तेव्हा तू कुठे बघत होतास?"

"थांबायला हवं असं नियमात कुठे आहे? मदतीला मोटारबोट असते ना!"

"नियम मलाही पाठ आहेत. त्या क्षणी तुझ्या मनात काय आलं, ते सांग."

योरिटने तोंड उघडलं आणि तो हबकला. मनात आलं होतं, 'बरं झालं, एक कमी झाला.' हा विचार आपलाच? तो तिथेच गवतावर बसला.

वृद्धही कण्हत त्याच्या शेजारी टेकला. "पोरा, उमेदवारीच्या काळात मी नेहमी शेवटी यायचो. शेवटच्या नावेतून काय दिसतं? नुसतं रिकामं पाणी. कुणाचं काय झालं, कळायचंही नाही. पुढे जिंकायला लागलो तेव्हा दचकलोच. कुणाचा दंड थरथरतोय, कुणाचं वल्हं चुकतंय, सगळं माझ्या डोळ्यांपुढे! साऱ्या कारकिर्दीत मला कळलं ते एवढंच. जो पुढे असतो, त्यालाच सगळे दिसतात. आज काठावरचे लोक अंतिम रेषेकडे बघत होते आणि मोटारबोटही तिथेच होती. नावांत बसलेल्यांपैकी बुडणारा दिसला तो एकट्या तुला. आता माझंही चुकत असेल. तुझी एवढ्या वर्षांची मेहनत मी एका वाक्यात बुडवली, याची मला भीती वाटते. पण जे तुला दिसूनही दिसलं नाही, त्यावर पदक ठेवायला माझा हात धजत नाही."

योरिट उठला आणि प्रथमोपचाराच्या तंबूकडे गेला.

हिद्दे निळ्या ओठांनी कुडकुडत पडला होता. किती शर्यतींत योरिटने त्याला हरवलं होतं, आणि दर वेळी पाहिली होती ती त्याची पाठ. त्याच्या गालांवर तांबूस ठिपके आहेत, पोरसवदा, दाट ठिपके, हे योरिटने आज पहिल्यांदा पाहिलं.