शांत केलेल्या पणत्या

दिव्यांच्या एका मुलखात काळोखाचं राज्य आलं, आणि पेटतं राहणं हाच तिथे गुन्हा ठरला.

पकडून आणलेल्या पणत्या कोठारात कोंडत. तिथल्या पहाऱ्यावर पितळेचं एक झाकण नेमलं होतं. पूर्वी ते दुधाच्या पातेल्यावर असे. इथे काम एकच: पणतीवर बसायचं आणि आतली धडपड थांबेपर्यंत उठायचं नाही. पहिली पणती म्हणाली होती, "दादा, बोटभर फट ठेवा." झाकणाने ठेवली नाही. पुढे सवय झाली, थकवा तेवढा साचत गेला.

काळोख विचारी, "विझवल्या?"

झाकण देवाधर्माच्या घरातलं. दिव्याला विझला म्हणू नये, एवढं त्याला ठाऊक होतं. ते म्हणे, "शांत केल्या, महाराज."

काळोखाला शब्द आवडला. कोठारात मग तोच रुळला.

पुढे उजाडलं. काळोख गेला. झाकण मुकाट्याने स्वयंपाकघरात परतलं, चिंचेने घासून लखलखलं. भांडी त्याला झाकणराव म्हणू लागली. आतली काजळी मात्र निघाली नाही, म्हणून ते कायम पालथंच राही.

दिव्यांची आवस आली. सगळे दिवे पाटावर मांडले. त्यांत कोठारातून वाचलेली एक पणती होती. झाकणाच्या काठाचा मार बसून तिचा ओठ फुटला होता. तेल गळायचं, म्हणून खाली काहीतरी हवं होतं.

थोरली समई म्हणाली, "झाकणराव, जरा उताणे व्हा. तेवढंच पुण्य."

"पाठ धरलीय हो. मी आपला पालथाच बरा."

तो आवाज पणतीने ओळखला. "तुम्हीच ना, दादा?"

झाकण थकल्या आवाजात म्हणालं, "मी कुणाला विझवलं नाही, बाई. शांत केलं."

"तेल सरून जो आपणहून निवतो, त्याला शांत झाला म्हणतात. आमच्या वाती तेलात भिजलेल्या होत्या."

समईने झाकण उलटं केलं. आत काजळीची वर्तुळं होती, एकावर एक चढलेली.

पणतीला त्या वर्तुळांच्या मधोमध ठेवलं. वात पेटली. फुटक्या ओठातून तेल थेंबथेंब झाकणात उतरू लागलं. तेल सरेपर्यंत ती जळणार होती, आणि तोवर झाकणाला उठता येणार नव्हतं.