कोंडाजीनं गाडीचे दात बघितले

एका गावात एक भोळा गडी राहायचा, त्याचं नाव कोंडाजी. त्याची बायको हौसा. ती काही जन्माची शहाणी नव्हती, कोंडाजीशी संसार करता करता झाली. घरी कोंबड्या होत्या, एक शेळी होती, दुभती म्हैस होती आणि हिऱ्या-बाळ्या ही बैलजोडी होती. पोटापुरतं होतं, वर थोडं उरत होतं.

कोंडाजी मोठा गुणी. हौसानं काही शिकवलं की तो उपरण्याला गाठ मारायचा. गाठ मारली की तो ते कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती.

एकदा तो बाजारातून दुसरी शेळी घेऊन आला. शेळी दिसायला झकास, पण तोंडात औषधाला दात नाही. तिला पेज पाजता पाजता हौसा म्हणाली, "अहो, काही विकत घ्यायचं तर आधी दात बघावेत. दात बघितल्याशिवाय पिशवी सोडू नये."

"बरं," कोंडाजी म्हणाला. गाठ मारली.

त्या साली आमच्याकडं नवं खूळ निघालं होतं. नवरदेव म्हटला की तो मोठ्या परदेशी गाडीतूनच मांडवात उतरायचा. गाडी शहरातून भाड्यानं यायची. हौसानं विचार केला, अशी एखादी जुनी आपणच घेतली तर लग्नसराईत चार पैसे होतील, ह्यांना ट्रॅक्टर चालवता येतो तशी गाडीही येईल. तिनं गळ्यातली बोरमाळ मोडली आणि कोंडाजीला शहरात धाडलं.

तिथं गाड्यांचा दलाल होता. त्यानं एक काळी, लांबलचक गाडी दाखवली. म्हणाला, एका डॉक्टरची आहे, फक्त संकष्टीला देवळात जायची, एरवी सावलीत उभी. कोंडाजीचं तिकडं लक्षच नव्हतं. तो गाडीच्या तोंडापुढं उकिडवा बसला आणि पुढच्या चकचकीत जाळीचे दात मोजायला लागला. सगळे जागच्या जागी. एकेक धरून हलवून बघितला. एकही हलेना.

"कोवळी आहे," तो म्हणाला.

"पारख आहे बघा तुम्हाला," दलाल म्हणाला, आणि कोंडाजी उठायच्या आत त्याच्या हातात चावी दिली.

गाडी गावच्या शिवेपर्यंत आली. मारुतीच्या देवळापुढं तिनं धूर सोडला आणि बसली. हिऱ्या-बाळ्यांनी ओढून दारात आणली.

तालुक्याहून रज्जाक मिस्त्री आला. बोनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला, जसं काही आत कुणी ओळखीचं वारलंय. मग म्हणाला, "वहिनी, जुनी झाली म्हणून गाडीचा भाव उतरला. तिच्या सामानाचा उतरत नाही. राणी म्हातारी झाली म्हणून कोंड्याची भाकर खाते होय?"

राणीनं पहिल्याच घासाला सगळ्या कोंबड्या खाल्ल्या. खुराडं रिकामं झालं.

हौसानं कपाळाला हात लावला. "अहो, गाडीचे दात कसले बघता? घ्यायच्या आधी चालवून बघायचं. दम लागतो का, मधेच बसते का, ते बघायचं."

"बरं," कोंडाजी म्हणाला. गाठ मारली.

पुढं मिस्त्रीनं सांगितलं, हिला साधं तेल चालत नाही, हिचं तेल वेगळं, तालुक्याला एकाच दुकानात मिळतं. कोंडाजी गेला. दुकानदारानं डबा पुढं ठेवला. कोंडाजीनं डब्याला दावं बांधलं आणि त्याला चालवत घरी निघाला. डांबरी सडक, मग खडी, मग पांदीतले धोंडे. तिन्हीसांजेला दारात आला तो खूश होऊन.

"चांगला चालला," तो म्हणाला. "कुठं बसला नाही, दम लागला नाही. शेवटी शेवटी तर पळतच होता."

हौसानं डबा उचलला. डब्याच्या बुडाला भोक होतं आणि तालुक्यापासून दारापर्यंत तेलाची धार होती. दुसऱ्या डब्यासाठी शेळी गेली. दातांची गेली. बोळकी कुणी घेईना, ती राहिली.

"अहो, एवढी महागाची वस्तू," हौसा म्हणाली, "ती तान्ह्या लेकरासारखी जपायची. गोधडीत गुंडाळून घट्ट बांधायची."

"बरं," कोंडाजी म्हणाला. गाठ मारली.

थंडी पडली. गाडीत महागाची वस्तू कोणती, असं त्यानं मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, इंजिन. झालं. कोंडाजीनं घरातल्या तिन्ही गोधड्या काढल्या, इंजिन नीट गुंडाळलं, सुंभानं बांधलं, कानटोपी तेवढी घालायची राहिली. मग गाडी सुरू केली आणि शेजारच्या वाडीला चक्कर मारायला निघाला. ओढ्यापाशी लोकांनी ओरडून सांगितलं, अरे, तुझ्या गाडीत कुणी हुरडा भाजतंय का?

गोधड्या जळाल्या, आतल्या नळ्या वितळल्या. घरात ठेवलेली भुईमुगाची पोती मिस्त्रीकडं गेली. रात्री अंगावर घ्यायला पोतंसुद्धा उरलं नाही.

"अहो, तापलेल्याला कुणी पांघरूण घालतं का?" हौसा म्हणाली. "तापलं की गार पाणी ओतायचं. चांगलं घागरभर."

"बरं," कोंडाजी म्हणाला. गाठ मारली.

आता त्या गाडीची एक खोड होती. एक बटण दाबलं की बसायची गादी ऊन व्हायची. श्रीमंतांना थंडी जास्त वाजते, त्यांची सोय. कोंडाजीचा हात चुकून त्या बटणावर पडला. थोड्या वेळानं त्याला बुडाखाली चटका लागला. तो उठला, आडावर गेला, घागर आणली, गादीवर ओतली. एका घागरीनं भागेना म्हणून दुसरी आणली. मग गाडी बोलायला लागली. हॉर्न वाजायचा थांबेना. काचा वर-खाली व्हायला लागल्या. पाऊस नाही, पाणी नाही, आणि वायपर आपले पुसतायत.

मिस्त्री म्हणाला, गादीखाली सगळा तारांचा संसार होता, तो वाहून गेला.

म्हैस गेली. दावणीला सुटा खुंटा राहिला. त्या दिवशी हौसा एक शब्द बोलली नाही. कोंडाजी उपरण्याचं टोक हातात धरून वाट बघत बसला.

गाडी एकदाची धड झाली, आणि फाल्गुनात पहिली सुपारी आली. पलीकडच्या गावचे व्यंकटराव, त्यांच्या मुलाचं लग्न. विसार हातात ठेवताना म्हणाले, "हौसाबाई, माझा मुलगा मुहूर्ताला मांडवात पोचला पाहिजे. गाडी वाटेत बसली तर तुमची बैलजोडी माझ्या गोठ्यात येईल. बोला."

घरात आता बैलजोडीच उरली होती. हौसानं गोठ्याकडं बघितलं. मग गाडीकडं बघितलं. मग हो म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी कोंडाजीची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली. हौसा हळद दळत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, रोज ठणकतं त्याला किती औषध घालणार? खर्च खर्च आणि गुण नाही. एकदाच मुळासकट उपटून टाकायचं. मग सुख. जा तालुक्याला."

"बरं," कोंडाजी म्हणाला. गाठ मारली. गाडी घेऊनच गेला. ट्रॅक्टरमागं बांधून परत आला. हौसा पापड लाटत होती, तिला वाटलं, पेट्रोल वाचवलं.

लग्नाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. नवरदेव येऊन बसला. हौसानं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला. कोंडाजीनं चावी फिरवली. काहीच नाही. हौसानं बोनेट उघडलं. आत खालची जमीन दिसत होती, आणि जमिनीवर बोळकी शेळी उभी होती. तिनं मान वर करून हौसाकडं बघितलं.

"इंजिन कुठाय?"

"ठणकत होतं," कोंडाजी म्हणाला. "उपटलं. मिस्त्रीनं मजुरीपोटी ठेवून घेतलं."

"आणि दाढ?"

"आहे की," तो म्हणाला. गालाला हात लावला. "लई ठणकतीये."

हौसा तिथंच मातीत बसली. व्यंकटराव मिशीला पीळ देत बैलांकडं बघायला लागले. नजरेनंच त्यांनी हिऱ्याला आपल्या गोठ्यात बांधला. ते बघून हौसा ताडकन उठली. तिनं पोळ्याच्या झुली काढल्या, शिंगांना गोंडे बांधले, जू आणलं.

"जुंपा," ती म्हणाली.

काळी चकचकीत गाडी, पुढं झुली घातलेली जोडी, आणि गाडीच्या छतातली खिडकी उघडून तिथून डोकं काढून कासरा धरलेला कोंडाजी. व्यंकटराव संतापून मागं आपल्या नव्या गाडीत बसले. वाटेत नदी होती. पाणी घोट्याएवढं, पण वाळू भुसभुशीत. वऱ्हाडाच्या सगळ्या गाड्या ओळीनं रुतल्या, व्यंकटरावांची सगळ्यात खोल. हिऱ्या-बाळ्या सरळ पलीकडं. मुहूर्ताला नवरदेव मांडवाच्या दारात. मग कोंडाजी परत गेला आणि नवरदेवाच्या बापाला वाळूतून ओढून आणला, म्हणून मंगलाष्टकाला बाप हजर राहिला.

मांडवात नवरीकडं कुणी बघेना. जो तो गाडीबरोबर फोटो काढतोय. व्यंकटरावांनी जेवायच्या आधी हौसाला बोलावून ठरल्यापेक्षा जास्त दिले, वर लुगडं नेसवलं. त्याच पंगतीत पुढच्या तीन लग्नांच्या सुपाऱ्या आल्या. सगळ्यांची एकच अट, गाडी तीच पाहिजे, आणि इंजिन नको.

तेव्हापासून ती गाडी कधी बंद पडली नाही. तिला तेल नको, मिस्त्री नको. बोनेटखाली वैरण ठेवतात. शहरातला एखादा पाहुणा विचारतो, काका, ही किती देते? कोंडाजी खरं काय ते सांगतो, एका पेंढीला दोन कोस, चढ असला तर कमी.

लग्नसराई संपेपर्यंत खुराडं भरलं, शेळ्या आल्या, बोरमाळ हौसाच्या गळ्यात आली. राहिली होती म्हैस. कोंडाजी बाजारातून एक घेऊन आला, काळी, लांबलचक.

हौसानं दबकत विचारलं, "दात बघितलेत का?"

"बघितले," कोंडाजी म्हणाला. "अगदी आपल्या गाडीसारखे आहेत."

हौसानं डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसली. चरवी भरली, घागर मागवावी लागली.