सेलाईने दोन्ही काठांना दिलेली हाक

चूक म्हाताऱ्या गाएलेमची होती. वयाला मान म्हणून लोक हे बोलत नाहीत, पण चूक त्याचीच.

अरूच्या बेटांवर होड्यांना पानांची शिडं असायची, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या खाडीच्या पूर्वेला तारंगन भाषेची एक बोली, पश्चिमेला दुसरी. शिंपल्यांसाठी समुद्र वर्षभर बंद असायचा. मग सगळ्यांत मोठ्या ओहोटीला गाएलेम होडीतून दोन्ही बोलींत हाक द्यायचा आणि दोन्हीकडची माणसं उड्या टाकायची. आपल्या बोलीत हाक आल्याशिवाय उतरायचं नाही. उतरलं तर समुद्र ओळखत नाही, असं म्हणतात.

त्या वर्षी गाएलेमने पूर्वेच्या बोलीत हाक दिली आणि खाली बसला.

"आणि आमची?" पश्चिमेचे ओरडले.

"तुमची कसली बोली? बेडकांचं डराव डराव! आधी नीट बोलायला शिका."

होडी वल्हवत होती सेलाई. बाप पूर्वेचा, आई पश्चिमेची. रोज माणसं इकडून तिकडे नेता-नेता दोन्ही बोली तिच्या जिभेवर खेळायच्या. आईचं गाव ज्यांच्या पिठावर जगायचं, ती सागूची झाडं वादळात आडवी झालेली तिने पाहिली होती. शिंपले देऊन तांदूळ आणला नाही, तर तिथली पोरं उपाशी राहणार होती. आणि पाणी चढायला लागलं होतं.

"आजोबा, हाक द्या."

"तू वल्हं मार. बाईने तोंड उघडलं तर समुद्र कोपतो."

"कोपू दे. मला पोहता येतं."

सेलाई उभी राहिली. छाती भरून तिने हाक दिली, आधी पश्चिमेच्या बोलीत, मग त्याच श्वासात पूर्वेच्या. असं म्हणतात की कासवं माना वर काढून ऐकत राहिली. असंही म्हणतात की ती हाक सूर्य बुडेपर्यंत विरली नाही, आणि ती विरेपर्यंत भरती जागची हलली नाही. पश्चिमेचे धपाधप पाण्यात पडले. पूर्वेचे हसत बाजूला सरकले, "या, या, उशीर केलात!" म्हणाले. टोपल्या भरल्या, होड्या भरल्या, शेवटी बायकांनी डोक्यावरच्या टोप्यासुद्धा भरल्या. "हे रीतीत बसत नाही," म्हणत गाएलेम होडीतच बसून राहिला. ऐकायला कोणी नव्हतं.

आजही समुद्र उघडताना हाक बाईच देते, दोन्ही बोलींत, आणि त्या हाकेला सेलाई म्हणतात. पूर्वेची पोरं पश्चिमेच्या बोलीत ओ देतात, पश्चिमेची पूर्वेच्या, आणि एकमेकांच्या चुकांवर पोट धरून हसतात.

गाएलेमच्या घरातला सात पिढ्यांचा हाकेचा मान त्या दिवशी गेला. त्याला पुन्हा कोणी होडीत घेतलं नाही.