माळेवाडीचा विसावा विद्यार्थी

माळेवाडीच्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव केरबा. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. खोड म्हणाल तर तेवढीच.

शाळा सरकारी, पाचवी ते आठवीची. शिकवायला एकट्या निमगिरे बाई. पट एकोणीस. अकरा मुली, आठ मुलगे. त्यांतले सातजण मेंढपाळांच्या वस्तीवरचे, चार वीटभट्टीवरचे, उरलेले गावातले. वरून पत्र आलं होतं. शुक्रवारी साहेब तपासणीला येणार, आणि पट वीस भरला नाही तर शाळेला कुलूप. मग मुलांनी ओढा ओलांडून दोन कोसांवरच्या शाळेत जायचं. मुलगे गेलेही असते. मुलींना कुणी धाडणार नव्हतं, हे बाईंना ठाऊक होतं.

बाईंना फक्त एक मूल हवं होतं.

सोमवारी त्या म्हणाल्या, "केरबा, वस्तीवर जा. घरोघर फिरून मुलांची नावं लिहून आण. एखादं सुटलेलं सापडेल."

केरबा दिवसभर फिरला. संध्याकाळी कोरा कागद घेऊन आला.

"एकही मूल नाही?"

"घरात कुणीच नव्हतं, बाई. सगळी शाळेत आलेली."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, समोर नसला म्हणून गाळायचा नसतो. जो नाही त्याचंही नाव लिहायचं."

"बरं," केरबा म्हणाला. त्याने ते पक्कं लक्षात ठेवलं.

मंगळवारी बाईंना तालुक्याला बैठक होती. हजेरी केरबाने घेतली. बाई परत आल्या तर पट एकशे चव्वेचाळीस.

"हे दगडू आबा कोण?"

"सरपंचांचे आजोबा. पाचवीतून शाळा सोडलेली त्यांनी."

"ते वारले ना रे!"

"म्हणून तर नाहीत. नाहीत म्हणून लिहिलं."

बाईंनी एकशे पंचवीस नावं एकेक करून खोडली. खोडताना म्हणाल्या, "आता नीट ऐक. जो बाकावर बसलेला दिसेल, तो आपला विद्यार्थी. त्याचं नाव लिहायचं, वय लिहायचं, उतारा वाचून घ्यायचा आणि कसा वाचतो तेही लिहायचं. बाकी डोकं चालवायचं नाही."

"नाही चालवत," केरबा म्हणाला. हे काम त्याला सोपं होतं.

बुधवारी वीटभट्टीवरचा सुभान आला नाही. केरबा फाटकाशी बसून राहिला, पाच वाजेपर्यंत.

"काय करतोयस?"

"बाकावर बसलेला दिसायची वाट बघतोय."

"अरे देवा! वाट कसली बघतोस? आला नाही की आठवीची चार दणकट पोरं घ्यायची, घरी जायचं, हातपाय धरून उचलून आणायचं. रडला तरी सोडायचं नाही!"

गुरुवारी सुभान आपणहून आला. पण खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाई आल्या नाहीत. त्या लेकीच्या घरी बारशाला गेल्या होत्या. केरबाने चार पोरं घेतली. पाळण्याची दोरी हातात असतानाच त्यांना उचलून आणलं.

शाळेच्या ओट्यावर टेकल्या टेकल्या शेवंताबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. "मुडद्या, नाव ठेवायचं राहिलं ना पोरीचं!"

"केरबा, अरे सोडायचं ना त्यांना!"

"रडल्या तरी सोडायचं नाही म्हणालात. ह्या तर रडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या शिव्या दिल्या."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हजेरीत ज्याचं नाव आहे, त्यालाच उचलायचं. दुसऱ्या कुणाला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

आणि खरंच कळलं होतं.

शुक्रवारी साहेब आले. शिकवणं कसं चाललंय ते पाहायला वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. बाई फळ्यावर अपूर्णांक मांडत होत्या. त्यांची पाठ होती. केरबा हजेरीची वही घेऊन बाकाशी गेला.

"नाव?"

"व्यंकटराव."

"वय?"

"अठ्ठावन्न. का रे?"

"रकाना आहे. आता हा उतारा वाचा."

साहेबांना वाटलं, काहीतरी नवा उपक्रम असेल. हल्ली महिन्याला एक निघतो, आणि सगळेच त्यांना ठाऊक असतात असं नाही. पण विचारणार कसं? त्यांनी वाचायला घेतलं. चष्मा जीपमध्ये राहिला होता.

तास संपला. बाईंनी एकोणीस लिहिलेला कागद काढला. तो पुढे जायच्या आत केरबाने वही सरकवली. साहेबांना पुढच्या गावी जेवायला बोलावलं होतं. त्यांनी शेवटचा आकडा तेवढा पाहिला.

"वीस भरलेत की! उगीच काळजी करता, बाई." सही झाली, शिक्का झाला, जीप गेली.

मग बाईंनी वही वाचली. 'विसावा : व्यंकटराव. मुलगा. वय अठ्ठावन्न. राहणार तालुका. वाचन अडखळत. जोडाक्षरं कच्ची.'

सोमवारी बाई खरं सांगायला तालुक्याला निघाल्या. केरबाला म्हणाल्या, "हजेरी घे." आणि शाळेमागच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

तास झाला, दोन तास झाले, एसटी आली नाही. समोरून दुधाचा टेम्पो मात्र आला. रिकाम्या कॅनांच्या मध्ये आठवीची चार पोरं, आणि त्यांच्या हातांत साहेब. त्यांच्या एकाच पायात बूट होता.

केरबा टुणकन खाली उतरला. "बाई, आणला! भर बैठकीतून आणला. रडला, पण सोडला नाही."

साहेब गरजले, "माझं नाव आत्ताच्या आत्ता कमी करा!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शाळेकडे पाहिलं. खिडकीत अकरा वेण्या ओळीने लटकल्या होत्या.

"करते ना, साहेब," त्या नम्रपणे म्हणाल्या. "फक्त वही न वाचता सही केली, एवढं लिहून द्या."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. एसटी आली आणि गेली.

केरबाने त्यांचा हात धरला, मागच्या बाकावर नेऊन बसवलं, पाटी दिली आणि वहीत लिहिलं : 'हजर. पण उशिरा.'