धुरपीचं मुसकं

एक होतं रान. तिथं काळोबा रेड्याचं राज्य होतं. त्याला एकच दुःख होतं: शेजारच्या रानात फुलपाखरं होती, ह्याच्या रानात नव्हती. स्वारी रोज जिथं लोळायची तिथं गवताची काडीही उरत नसे, पण हे कुणी बोलून दाखवलं नाही.

मग हुकूम निघाला. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडा, त्यानं रानझाडं लावायची. पानं खाणाऱ्याची गय नाही. 'दारी लावा रुई, फुलपाखरू येई' असं ओरडत माकडं फांदीफांदीनं फिरली.

धुरपी शेळीनं आपल्या तुकड्यात रुई लावली. टाकळा, कुर्डू, तेरडा येईल तसा येऊ दिला. जातीची शेळी, पण अख्खा आषाढ तिनं तोंड आवरलं. श्रावणात रुईवर सुरवंट आले, पट्ट्यापट्ट्यांचे, करंगळीहून बारीक. धुरपी त्यांना गाऊ लागली:

'खा गं बाळाबाई, पान पान रुईचं,
उद्या नेशील पंखांवर ऊन माझ्या भुईचं.'

बाळाबाई खात सुटल्या. रुईची चाळण झाली.

तेवढ्यात तपासनीस बगळा आला. एका पायावर उभं राहून त्यानं भोकं पाहिली, मग सुरवंट पाहिले, मग चोच पुसली.

"हे कोण?"

"फुलपाखरंच की, दादा. लहान आहेत अजून."

"पंख कुठायत? महाराजांनी पंखवाली मागवलीत. हे खादाड घुसखोर. आत्ता टिपतो एकेकाला."

धुरपी रुईला आडवी झाली. "त्यांनी नाही खाल्लं," ती म्हणाली. "मी खाल्लं."

बगळ्याला लगेच पटलं. शेळीच्या बाबतीत पुरावा कोण मागतो? सुरवंट निर्दोष सुटले. दरबारानं धुरपीवर दया केली, मळणीच्या बैलाला बांधतात तसं मुसकं तिच्या तोंडाला बांधलं. दिवसातून एकदा, बगळ्यासमोर, चरण्यापुरतं सोडायचं.

पंधरवड्यानं कोष फुटले आणि धुरपीच्या तुकड्यावर केशरी ढग उठला. हरणं नाचली, कासव पळालं, घुबड भर दुपारी डोळे फाडून बसलं. धुरपी मुसक्यातल्या मुसक्यात हसली. काळोबा धावत आला तर त्याच्या शिंगावरच एक फुलपाखरू टेकलं.

"प्रजाजनहो," तो गहिवरून म्हणाला, "एक तोंड बांधलं, तर एवढी फुलपाखरं आली. सगळी बांधली तर?"

संध्याकाळपर्यंत रानातल्या प्रत्येक तोंडाला मुसकं चढलं. मग ठराव सभेपुढे ठेवला. एकमतानं मंजूर झाला. विरोधात एकही आवाज आला नाही.